बाईंच्या जागी

बाईंना सवड नाही. चेहरा मंगळवारीच देऊन गेल्या,
उरलेलं सगळं मी.

चितारी म्हणाला, माख्टेल्ड, खिडकीकडे वळ,
श्वास बेतानं घे.

काळं म्हणजे नुसतं काळं नव्हे:
आधी निळीत बुडवतात, मग मंजिष्ठेत,
परत, परत, रंगारी थकेपर्यंत.
माझा वर्षाचा पगार
या अंधारात सहज हरवेल.

गळ्याभोवती जात्याच्या तळीएवढी चुण्यांची कॉलर.
शनिवारी हिला खळ मीच दिली,
तापल्या सळईवर एकेक चुणी बसवली,
भाजलेलं बोट ताकात बुडवलं.
आज ती मला खाली बघू देत नाही.
खाली माझेच लाकडी जोडे आहेत.
चौकटीत पाय येत नाहीत, म्हणून चालतं.

चौथ्या दिवशी खोसेन हेरिंग घेऊन आला,
दारातच थबकला, टोपी काढली.
माझ्याशी उधारीवरून भांडणारा खोसेन.
मी बोलले असते
तर लगेच घातली असती.
बोलले नाही.

आता चित्र दिवाणखान्यात आहे.
पाहुणे म्हणतात, हुबेहूब वेंडेलाबाई.
मी धूळ झटकते तेव्हा
डाव्या बाहीपाशी जरा हळू:
तिथे, रेशमाच्या आत,
माझं कोपर अजून अवघडलेलं आहे.