तिसरा सिलिंडर

पखवाजावर हात पडतो
आणि थाप येते मागाहून.
जेट्टीवरून बघावं,
पलीकडे तारामुंबरीच्या काठाला
कुणी होडीला खिळे ठोकतंय:
हातोडा खाली आलेला दिसतो,
परत वर जायला लागतो,
तेव्हा कुठे ठक्.
मध्ये खाडी असते म्हणून.
इथे मध्ये काय आहे?
स्क्रीन आणि स्पीकर यांच्यात वीतभर टेबल,
त्यावर पोह्यांची बशी.

"बाबा, तू हात लाव नको," हर्षला म्हणते.
हिंदळेकर बुवांची डबलबारी, पाच तासांची,
शनिवारी द्यायचीय कापून, पुसून.
आणि कॉम्प्युटर दर दोन मिनिटांनी
घशात काटा अडकल्यासारखा
खर्र करतो, थांबतो,
मग राहिलेलं सगळं एकदम ओकतो.

मी डिझेल इंजिनांचा माणूस.
एकतीस वर्षं देवगड बंदरात
स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकत आलो.
मला माउस नीट धरता येत नाही,
बाण माझ्या आधी पळतो.
पण झाकण उघडता येतं.

उघडलं.
पंख्याच्या पात्यांवर खारी हवा चिकटून
राखाडी साय झालेली.
पालीचं अंडं, एक, रिकामं.
कोपऱ्यातून मुंग्यांनी धरलेली वाट
थेट गरम भागाकडे. ऊब कुणाला नको?
दाढीच्या जुन्या ब्रशने सगळं झाडलं.
पंखा किंचाळायचा थांबला.
खरखर तशीच.

मग हर्षलाने यादी उघडली:
आत कोण काय करतंय, कोण किती खातंय.
दोन अँटीव्हायरस एकमेकांवर पहारा देत बसलेले,
एक कणकवलीच्या दुकानदाराने घातलेला,
एक हिनेच.
एका दारात दोन कुत्रे असले
की चोर नाही आला तरी झोप जाते घरच्यांची.
एकाला हाकललं.
थाप हाताच्या जवळ आली,
अजून चिकटली नव्हती.

"रेकॉर्डिंग अठ्ठेचाळीस हजाराचा
आणि मशीन वाजवता चव्वेचाळीस हजार शंभरान."
हे मात्र मला लगेच कळलं.
पुली बदलायची आणि पट्टा जुनाच ठेवायचा,
सुरुवातीला काही वाटत नाही,
तासाभराने घसरतो.
तिने आकडा बदलला.
हात. थाप.
एकाच जागी.

तरी दुसऱ्या तासाला,
बुवा गजर उचलायच्या आधी, झांजा थांबलेल्या असताना,
मागे काहीतरी चुकतंय.
टक टक टक, आणि एक गाळलेला.
टक टक टक, आणि एक गाळलेला.
"परत इलो बघ," ती रडवेली.
ड्रायव्हर काढला, जुना घातला. रीस्टार्ट.
स्पीकरची वायर इन्व्हर्टरपासून लांब नेली.
लाइट गेली, आली. परत रीस्टार्ट.
एक गाळलेला.

मी म्हटलं, हेडफोन दे.
डोळे मिटले.

"ह्यां मशीन नाय गे. ह्यां इंजिन."
मांडवामागे बंदर आहे, माघातली रात्र, वारा पडलेला,
कुणीतरी हळूहळू आत येतंय
आणि त्याचा तिसरा सिलिंडर पेटत नाहीये.
नोझल.
'सातेरी प्रसाद', मोंडकरांच्या बाळकृष्णाची.
दुसऱ्या दिवशी सकाळी मीच बदललं ते,
साडेचारशे रुपये,
त्यातले दोनशे अजून यायचेत.

हर्षलाने तेवढाच तुकडा मोठा करून बघितला.
आवाजाची रेष फणीसारखी दिसत होती,
दर तीन दातांनंतर एक पडलेला.
"पुसू काय?"

मी बोललो नाही. काम तिचं.
बशीतल्या पोह्यांवर मुंग्या चढल्या होत्या,
बहुतेक त्याच, सकाळी बेघर केलेल्या.
ती बराच वेळ माउसवर बोट ठेवून बसली.
मग आवाज थोडा वाढवला.