डेडस्टॉक रजिस्टर

निवृत्तीला अकरा दिवस उरलेत
आणि ऑडिटवाले विचारतात:
अनुक्रमांक एकशे सात, करंडक, पितळी, एक नग.
पावती कुठे आहे?

मी वनस्पतिशास्त्राचा प्रयोगशाळा परिचर.
खेळाची वही माझ्याकडे आली काठाणे सरांमुळे.
तेही वनस्पतिशास्त्राचेच. फुटबॉल त्यांना फारसा कळत नसे,
पण शिट्टी त्यांच्याकडे होती.

पहिली नोंद, जुलै एकोणसत्तर, माझ्या आधीची:
चेंडू चामडी, दोन. पंप, एक.
वादी ओवायची सुई, एक. शेरा: हरवली.
त्या साली म्हणे मोमिनपुऱ्यात कुणाच्या तरी अम्मीने
दाभणाने चेंडूचं तोंड शिवून दिलं.

बूट, जोड सात.
खेळाडू अकरा.
ही बेरीज कधीच जुळली नाही.
विल्सन सोनटक्के, आमचा गोली, म्हणायचा,
‘मला कायले पाहिजे बूट? मी तं हातानं खेळतो.’
आणि काळ्या मातीत अनवाणी उभा राहायचा,
पावसाळ्यात घोट्यापर्यंत,
मे महिन्यात भेगांवर, तव्यावर उभं राहावं तसा.

जर्सी, नारंगी, बारा.
दुसऱ्या धुण्याला रंग गेला, तुरीचा उरला.
कामठीचे पोट्टे ओरडायचे, ‘आलं बे वरण!’
पुढे आम्हीही तेच ओरडायला लागलो.

मग त्र्याऐंशी. अंतिम सामना, आमच्याच मैदानावर,
कामठीच्या कॉलेजाशी.
शून्य-शून्य. जादा वेळ. दिवे नव्हतेच,
रेल्वे क्वार्टरचा नरसय्या कोल्लुरी
अंधारात डावीकडून घुसला,
लाथेचा आवाज आला,
आणि चेंडू दिसला तो थेट जाळीमागे, बाभळीच्या बुडाशी.
त्यांचा गोली गजभिये म्हणाला, बाहेरून गेला.
पंचांनी त्याचं मानलं.
संयुक्त विजेते. कप सहा महिने आमच्याकडे,
सहा महिने त्यांच्याकडे.

आता अनुक्रमांक चौऱ्याऐंशी वाचतो:
जाळी, एक, फाटकी. दुरुस्ती करणे.
अक्षर माझं आहे.
सुतळी त्या दिवशी माझ्या खिशात होती.
सदरला तर्री-पोहा खायला गेलो आणि उशीर झाला.
नरसय्या काझीपेटला बदलून गेला,
तिथेच वारला. त्याला मी सांगितलं नाही.

कामठीवाले कप न्यायला आले नाहीत.
पुढच्या साली त्यांचा संघ मोडला, नंतर आमचा,
एकदम नाही; एकेक पोट्टा कमी होत गेला.
शेवटची नोंद: चेंडू, रबरी, एक.
मैदानावर आता फार्मसीची इमारत.
उरलेल्या गोलखांबाला चौकीदाराच्या बायकोची दोरी,
तिच्यावर टॉवेल.

काल करंडक पिशवीत घालून मी कामठीची बस धरली.
चाळीस वर्षांची थकबाकी, निदान आपल्या हाताने द्यावी.
गजभियेने दार उघडलं. कवळी नव्हती,
म्हणून हसू मोठं दिसलं.
‘सहा महिने झाले काय बे?’

चहा झाला. मी सुतळीचं सांगितलं.
तो बराच वेळ कूलरकडे बघत राहिला.
मग म्हणाला, ‘भोकाचं मले ठाऊक होतं.
माह्या कानाजवळूनच गेला ना तो चेंडू,
खांबाच्या आतून.’
आतल्या खोलीत सून भांडी लावत होती.
आम्ही दोघे गप्प.
एवढा वेळ दोघांनी एकच भोक सांभाळलं होतं.

निघताना कप त्याने पुन्हा पिशवीत कोंबला
आणि बसच्या तिकिटामागे,
हात थरथरत असताना, लिहून दिलं:
गोल झाला होता. हे. ल. गजभिये.

तिकीट वहीला टाचलंय, एकशे सातसमोर.
ऑडिटवाल्यांना चालेल की नाही, बघू.