हातचा एक

गुरुवारी पेटीत पत्रक पडायचं
आणि शुक्रवारी सकाळी पावणेआठला
रोझविथा पाव्लाक माझं दार अंगठीनं वाजवायची.
बेल दाबायची नाही. बेलला वीज लागते, म्हणायची,
आणि वीज तुझी असली म्हणून काय झालं, हेडविग.

गेल्झेनकिर्शनमधल्या आमच्या गल्लीला उतार आहे.
रिकाम्या बाटल्यांची पिशवी खळखळत आमच्या पुढे पळे.
दुकानाच्या दारातलं यंत्र एकेक बाटली गिळायचं,
पंचवीस सेंट, पंचवीस सेंट,
मधेच एखादी चेपलेली थुंकून टाकायचं.
ती रोझविथा तोंडाला लावून फुंकायची, फुगवायची,
पुन्हा भरवायची. खा बाबा.
पंधरा बाटल्यांची चिठ्ठी: तीन युरो पंचाहत्तर.
लोणी सुटलं, पावही सुटला.

गाडी दोघींत एकच.
कुलपात घालायचं एक युरोचं नाणं
एका शुक्रवारी तिचं, एका शुक्रवारी माझं.

नजर खाली ठेव, ती शिकवायची,
डोळ्यांसमोर मांडलेलं सगळं महाग,
स्वस्ताई गुडघ्यापाशी असते.
मग वाकायचं तिनं आणि तिला उठवायचं मी.
ओठ सारखे हलत असायचे:
नऊ नि नऊ अठरा, हातचा एक,
नऊ नि आठ सतरा, हातचा एक.
गल्ल्यावरची पोरगी आकडा बोलायच्या आत
ही पैसे मोजून मोकळी.

घरी माझ्या टेबलावर वाटणी.
पाच किलो बटाटे, दहा अंडी,
चीजची वीट शिवणाच्या दोऱ्यानं मधोमध.
मोठं पाकीट म्हणजे निम्मी किंमत, पण खाणारे दोन हवेत.
सॉसेज मात्र सात यायचे.
सातव्यावरून एकदा आम्ही
अख्खा आठवडा बोललो नव्हतो.

फेब्रुवारीत तिचा मुलगा तिला कासलला घेऊन गेला.
आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, गुडघ्यांना उपाय नाही.
जिन्यात थांबून तिनं माझ्या मुठीत
एक युरो कोंबला.
या शुक्रवारी माझी पाळी होती, म्हणाली.

तो मी खर्चलेला नाही.

एकटीचं गणित दुकानाला मान्य नसतं.
लहान पाकीट किलोमागे दुपटीनं पडतं,
मोठं घ्यावं तर सिंकखाली बटाट्यांना डोळे फुटतात
आणि ते अंधारात बसून माझी वाट बघतात.
दर शुक्रवारी कासलहून फोन येतो.
लोणी कितीला झालं? मी सांगते.
इथे चार सेंट जास्त, ती म्हणते,
आणि मुलगा नेतो ते तर भलतंच दुकान, काय सांगू,
तिथे सगळं डोळ्यांच्या उंचीवर.

काल शीतपेटीपाशी एक पोरगा.
बाह्यांवर भिंतीचा पांढरा रंग, हातात कोंबडीच्या तंगड्या,
पाकिटावर लाल चिकटपट्टी: तीस टक्के कमी, मुदत आजची.
उचलून बघे, ठेवी, दोन पावलं जाई, परत येई.
ओठ हलत होते.
भाषा कुठली कळली नाही, पण बेरीज ओळखली.

निम्मं? मी विचारलं.
तो दचकला. म्हातारी भीक मागते की देते
हे त्याला कळेना.
मी हाताची सुरी करून पाकीट कापून दाखवलं,
मग हसला.
ओलेक्सी, चौदा नंबर, तिसरा मजला.
खिडकीजवळच्या फळीवर पाकीट फोडलं,
त्यानं आपला वाटा पावाच्या पिशवीत घेतला,
आणि सेंटपर्यंत मोजून दिले पैसे,
वर एक सेंट जास्त निघाला तर
तो कुणाचा यावर थोडं भांडलाही.

हे सगळं मी रात्री फोनवर सांगितलं.
तिकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग रोझविथा म्हणाली,
किती होत्या पाकिटात?

सात.

आणि सातवी कुणाला दिलीस?