बिल्ला क्रमांक एक्केचाळीस

नैरोबीत, रिव्हर रोडच्या टोकाला
एक सात मजली इमारत आहे.
तिच्या दारातल्या टेबलाच्या खणाची मी मालकीण,
सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, पगारी.

वर जायचं तर ओळखपत्र इथे ठेवायचं
आणि गळ्यात बिल्ला घालायचा: पाहुणा.
दातवाल्याकडे आलेले, वकिलाकडे आलेले,
चौथ्यावर प्रार्थनेला आलेल्या बायका,
सगळे निमूट माझ्या हातावर
आपापलं नाव टेकवतात.
आजवर एकानेही विचारलं नाही,
बाई, तू कोण, आणि कुठल्या कायद्यानं?
मी तरी कुठे विचारलंय.

फोटोत कुणीच हसत नाही.
ज्यांची एकमेकांशी ओळख ना पाळख
ते दुपारभर एका रबरबँडमध्ये
पाठीला पोट लावून पडलेले.

मंगळवारी मुसेम्बी किथुकू आला, लिफ्टवाला.
कार्ड दिलं, एक्केचाळीस घेतला
आणि साडेबाराला, ग्रीसच्या हातांनी,
"समोरून दोन समोसे आणतो, अवूर,"
म्हणून बाहेर पडला.
बिल्ला गळ्यातच.

रस्ता ओलांडायच्या आधीच गाठलं दोघांनी.
आमची काच जाड आहे, आवाज येत नाही,
पण किटाम्बुलिशो हा शब्द
ओठांवरूनही कळतो.
त्यानं एक खिसा चाचपला. मग दुसरा.
मग आठवून
काचेतून माझ्याकडे बोट केलं.

त्यानं विचारलं होतं म्हणे,
"साहेब, कुठल्या कलमाखाली?"
टोमॅटोचा भाव विचारावा तितक्या हळू.
पोलीस म्हणाला,
"कलम ठाण्यात ठेवलंय. चल, दाखवतो."
मग बिल्ल्यावर काठी टेकवून:
"कुठून आलास, पाहुण्या?"
"मचाकोसहून."
"आणि त्याआधी?"
"त्याआधीही मचाकोसच."

त्याला घेऊन आत आले. मी खण उघडला.
चाळीस, बेचाळीस, मध्ये तो,
आठ वर्षांपूर्वीचा, दाढीवाला.
पोलिसानं एकदा कार्ड पाहिलं, एकदा तोंड,
जणू दोघांपैकी एक खोटं बोलतोय.
कार्ड परत दिलं. आलोच आहोत तर, म्हणून
माझ्याकडे वळला:
"तुझं?"

माझं
न्योकाबीच्या दुकानात, पत्र्याच्या डब्याखाली.
मक्याच्या पिठाची दोन पाकिटं, तेलाची एक बाटली,
पगार होईपर्यंत गहाण.
खणात त्रेसष्ट नावं होती
आणि एकही माझं नव्हतं.

"हिला मी ओळखतो," मुसेम्बी म्हणाला.
"तुला ओळखून दोन मिनिटं झाली नाहीत,"
पोलीस म्हणाला, आणि हात पुढे केला.
समोशांचे पैसे त्या हातात गेले.

ते गेल्यावर आम्ही नुसताच चहा प्यायलो.
त्याचा आजा घायपाताच्या मळ्यावर होता.
गोऱ्यांच्या राज्यात गळ्यात पत्र्याची डबी,
डबीत कागद, कागदावर बोटांचे ठसे. किपांडे.
आजा म्हणायचा,
बकरीच्या गळ्यातली निदान वाजते.
हे सांगताना मुसेम्बीची बोटं
बिल्ल्याच्या दोरीशी चाळा करत होती.
काढून ठेव, म्हणावंसं वाटलं.
पण लिफ्ट अजून तिसऱ्यावर अडकलेली,
आणि बिल्ल्याशिवाय वर सोडायचं नाही,
असं माझ्याच डोक्यावर लिहिलंय, लाल अक्षरांत.

बुधवारी परत आला. पट्टा बदलायचा राहिला होता.
मी हात पुढे केला.
त्यानं कार्ड दिलं नाही, तसंच धरून ठेवलं
आणि अगदी गंभीर होऊन विचारलं,
"कुठल्या कलमाखाली, अवूर?"

हसलो दोघंही, बराच वेळ.
मागे रांग खोळंबली.
एक म्हातारी आपलं कार्ड आधीच काढून,
दोन्ही हातांत धरून उभी होती,
देवळात फूल धरावं तशी.

मग मी त्याचं घेतलं.
"एक्केचाळीस नको," तो म्हणाला.
सतरा दिला.
खण नेहमीसारखा अर्ध्यावर अडला,
गुडघ्यानं ढकलावा लागला.