हलवू नकोस

बटाटे कालच उकडून ठेवलेत, गार.
"गरम चिरलेस तर लगदा होईल," म्हणाली होतीस
बदलीवर सुरतेला निघताना, चपला घालता घालता.

बिडाचा तवा. सिंगतेल. फोडी एका थरात.
आणि मग काहीच करायचं नाही.
ते मला जमत नाही, तुला ठाऊक आहे.

उलथनं धरून उभा.
खाली रावपुऱ्यात कुणाचीशी स्कूटर सुरूच होत नाहीये.
जाळीतून हंसाबेन: "बटाका?"
"हा," म्हणतो. "बटाका."

कांदा मागाहून. आधी टाकला की जळतो,
मंगळवारी जळला.

एक फोड उलटतो:
तांबूस, कडेला जवळजवळ काळी.

काल फोनवर तू गप्प होतीस.
मी विचारलं नाही,
पहिल्यांदाच.

दुसरी बाजू अजून पांढरी आहे.