बोटभर

नेवाडाच्या वाळवंटात, छावणीमागच्या खोलीत
वर्ना टॅकेटपुढे कापड येऊन पडलं:
खाकी, गडद निळं, थोडं पांढरं.
मापं डुकरांची.

तिनं विचारलं नाही.
मानेचा घेर, पोटाचा घेर,
पुढच्या पायांना बाह्या.

वारा फिरला, स्फोट पुढे ढकलला. पुन्हा ढकलला.
डुकरं खात राहिली.
शिवणीत ठेवलेली माया संपली,
मग तिनं काखेत कळ्या घातल्या,
एकेकाला थोपटत, उभा राहा रे बाळा.

नंतर तरुण डॉक्टर आला, हातात वही.
गडद रंग उजेड पितो, म्हणाला,
पांढरा परतवतो.
कापड घट्ट होतं तिथली कातडी गेली.
सैल होतं तिथं राखली
मधल्या हवेनं.
किती हवा?
त्यानं आपलं बोट आडवं धरलं.

वर्नानं मापं अंगासरशी घेतली होती.
तिचा हात त्यासाठीच नावाजलेला.

त्या रात्री नवऱ्याचे, पोरांचे सदरे
तिनं दिव्याखाली काढले,
एकेक शिवण उसवून सैल केली.

लग्नातला काळा कोट तेवढा राहिला.
त्याच्या आत
कुणी मायाच ठेवली नव्हती.