नववी तबकडी

असोळण्याला कायतानच्या घरी मी पहिल्यांदा गेलो
तेव्हा त्याच्या यंत्राचा ट्रे बाहेर येत नव्हता.
आत तबकडी अडकलेली, जेवणाच्या ताटाएवढी,
आणि तो दारात उभा,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तसा.

पट्टा सैल झाला होता, एवढंच.
कुंकळ्ळीत तसला पट्टा मिळत नाही, कुठेच मिळत नाही;
मी जुन्या टेपरेकॉर्डरचा काढून बसवला.
एकशेदहा व्होल्टचं यंत्र, त्याच्या पायाशी ट्रान्सफॉर्मर,
भिंतीत कुंभारमाशी घुमावी तसा घुमणारा.

सव्वीस वर्षं तो जहाजावर ऑइलर होता.
योकोहामाला माल उतरेपर्यंत
बंदरामागच्या एका दुकानाच्या काचेतून टीव्ही बघायचा,
तिथे लागायची ही मालिका:
छत्र्या दुरुस्त करणारी एक बाई, तिचा मुका सासरा,
समोरच्या स्टेशनवरचा तिकीटवाला.
भाग सव्वीस, तबकड्या तेरा,
एका बाजूला एक भाग.
दर फेरीला पगारातून एखाददुसरी,
टॉवेलात गुंडाळून, घरच्यांसाठी घेतलेल्या साबणांखाली.
जपानी त्याला येत नाही. मला तर नाहीच.

पावसाळ्यात कपाटात तो पंधरा वॅटचा दिवा जळत ठेवतो,
बुरशी धरू नये म्हणून.
तरी आतल्या आत पत्रा सडतो,
पडद्यावर तांदळाच्या कण्या उडतात.
"हें आमचें मीठ," तो म्हणतो, "दर्याचें."

नववी नव्हती.
सोळाव्या भागात बाई दुकानाच्या फळ्या लावते,
तिकीटवाला फलाटावर टोपी काढून उभा.
एकोणिसाव्यात दुकान विकलंय, सासरा नाही,
तिच्या कानामागे पांढरा केस.
मधे काय झालं?
दर रविवारी, त्याची मीस आटपल्यावर, आम्ही हेच बोलायचो.
मी म्हणायचो, त्याने फसवलं.
कायतान म्हणायचा, ना रे, तो थांबला होता, हिनेच कळवलं नाही.
हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नसे,
यंत्रावरच्या हिरव्या आकड्यांकडे बघे.
त्याची ओफेलिया गेली तेव्हा जहाज सुएझमध्ये होतं.
आजारपणाचं तिने लिहिलंच नव्हतं.
हे मला त्याने नाही, पाववाल्याने सांगितलं.

गेल्या वर्षी त्याचा पुतण्या आव्हेलिनो कोबेला उतरला.
दुकानदाराला त्याने म्हणे नऊ बोटं दाखवली.
पार्सल आलं. पुठ्ठा उघडला:
आरशासारखी, एक डाग नाही.
लावली.
सासरा जिवंत. दुकान उघडं.
नववी तबकडी नव्हे, नववा भाग.
म्हणजे पाचवी. ती तर आमच्याकडे होतीच.

मी बंद करायला उठलो.
"राव रे," तो म्हणाला.
चौदाव्या मिनिटाला आमच्या प्रतीत नुसत्या कण्या,
आणि त्यांमागे एक आवाज,
इतकी वर्षं आम्ही तो पावसाचा धरला होता.
इथे सगळं स्वच्छ:
बाई पत्र लिहिते, पाकिटात घालते, जिभेने चिकटवते,
आणि बसून बारीक बारीक फाडते.
सासरा बघतो. तो मुका.

भाग संपला, बाजू बदलायची होती.
कोणीच उठलं नाही. पडदा निळा.
बऱ्याच वेळाने त्याने विचारलं,
तेव्हाच्या त्या पट्ट्याचे पैसे तू घेतले होतेस का.
मी म्हटलं, घेतले होते.
घेतले नव्हते.

कपाटात आता पाचव्या तबकड्या दोन.
नववीच्या जागी पार्सलचा पुठ्ठा उभा केलाय,
बाकीच्या कलंडू नयेत म्हणून.
दिवा मी बदलून दिला. पंधराचा मिळाला नाही,
पंचवीसचा आहे, जरा जास्तच तापतो.